ग्रंथालयाच्या अनुदानाची ओळ गावाच्या फळ्यावर का नसावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारनं ग्रंथालयांच्या अनुदानात वाढ केल्याची बातमी पेपरात आली की पुढचे चार-आठ दिवस मला गावातून फिरणं अवघड होतं. २०२२ च्या अखेरीस ६० टक्के वाढीची बातमी आली तेव्हा तर कहर झाला. बातमीत आकडा असतो अख्ख्या राज्याचा, कोटींतला. टपरीवर बसलेला माणूस तो कोटींचा आकडा वाचतो, पेपर खाली करतो आणि नेमका मी समोरून येत असतो. "काय कार्यवाह, यंदा बंगल्यावर मजला का?" असं कुणी विचारलं की बाकीचे हसतात. मीही हसतो. पण हसून सोडून दिलेली गोष्ट गावात महिनाभर फिरत राहते, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

पाटण तालुक्यातल्या एका गावच्या 'क' वर्ग वाचनालयाचा मी कार्यवाह आहे. पद बिनपगारी. नोकरी एसटीत वाहक म्हणून झाली. वाहकाला ड्युटीवर चढताना स्वतःच्या खिशातली रोकड वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशोबाच्या कागदावर, लिहावी लागते. वाटेत तपासणीस चढला आणि लिहिल्यापेक्षा जास्त पैसे सापडले, तर ते कुठून आले हे वाहकानं सांगायचं. नवीन असताना याचा राग यायचा. पुढं कळलं की त्या एका ओळीमुळं आपण सुटतो, कारण प्रवाशानं कितीही आरडाओरडा केला तरी कागद आपल्या बाजूनं बोलतो. वाचनालयाच्या कामात मला ही ओळ कुठं सापडत नाही, आणि हे पत्र तेवढ्यासाठीच लिहितो आहे.

आधी अनुदान म्हणजे काय ते सांगतो, कारण गावात निम्म्या लोकांना वाटतं की सरकार वाचनालय चालवतं आणि उरलेल्या निम्म्यांना वाटतं की मी चालवतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. वर्ग ठरतो पुस्तकं, सभासद, येणारी वर्तमानपत्रं आणि उघडं ठेवण्याची वेळ यांवरून. मिळतं ते परिरक्षण अनुदान. मान्य झालेल्या खर्चाच्या नव्वद टक्के किंवा त्या वर्गाची कमाल मर्यादा, यात जे कमी असेल ते. वरचे दहा टक्के संस्थेनं स्वतःचे घालायचे, म्हणजे वर्गणीतून, देणगीतून. आमच्या वाचनालयाला आता वर्षाला दीड लाखाच्या आसपास मिळतात. वाढीआधी लाखसुद्धा होत नव्हते. त्यातली निम्मी रक्कम पगाराला जाते. ग्रंथपाल आणि शिपाई अशा दोघांत ती वाटली की महिन्याला दरडोई किती पडतात ते वाचकांनीच काढावं. मला दर वेळी लिहायला लाज वाटते. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, मासिकं, वर्तमानपत्रांची बिलं, वीज, भाडं आणि पावसाळ्यात भिंतीला लागणारी ओल.

पैसे एकदम येत नाहीत. दोन हप्ते असतात आणि दुसरा बहुतेक मार्च संपता संपता येतो. तोवर ग्रंथपाल उधारीवर जगतो, पेपरवाला ओळखीवर थांबतो आणि पुस्तकं मात्र आठवड्याभरात घ्यावी लागतात. मार्चअखेरीस घाईत घेतलेल्या पुस्तकांत चांगली किती असतात, यावर स्वतंत्र पत्र लिहिता येईल.

आता हिशोब. आम्ही वार्षिक अहवाल देतो, सनदी लेखापालाकडून तपासलेली पत्रकं देतो, उपयोगिता प्रमाणपत्र देतो, तपासणीला अधिकारी आले की दप्तर उघडून दाखवतो. म्हणजे सरकारला हिशोब मिळत नाही असं कुणी म्हणू नये. कागद वर जातात, तिथं बांधून ठेवले जातात. ज्या गावाच्या नावावर पैसे आले त्या गावाला मात्र त्यातलं काही कळत नाही. शासन निर्णय संकेतस्थळावर असतो, पण त्यात बहुतेक वेळा एकूण तरतूद आणि वितरित रक्कम असते. माझ्या गावाची ओळ मला त्यात सापडलेली नाही. मान्यताप्राप्त ग्रंथालयांच्या याद्या कुठं कुठं दिसतात. पण नाव, वर्ग, या वर्षीची रक्कम, हप्ता जमा झाल्याची तारीख आणि गेल्या वर्षीचा खर्च असं सगळं एका ओळीत, माझ्या सुनेला मोबाइलवर दोन मिनिटांत बघता येईल असं मला अजून मिळालेलं नाही.

आणि गंमत बघा. आमच्या वाचनालयात एक पंखा आहे. त्याच्या तिन्ही पात्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं लाल रंगात लिहिलंय. पंखा फिरला तरच वाचण्यातून सुटका. दारातल्या संगमरवरी फरशीवर एक्कावन रुपये देणाऱ्याचंही नाव कोरलेलं आहे. गावच्या यात्रेत वर्गणी आली की पुजारी ती लाउडस्पीकरवरून वाचतो, आणि दहा रुपये कमी वाचले तर माणूस स्टेजपर्यंत चालत जातो. देणगी जाहीर करायची असते हे आपल्याकडं कुणी शिकवावं लागत नाही. मग दीड लाख देणाऱ्याचं नाव आणि रक्कम कुठंच का नाही? सरकारचा पैसा म्हणजे कुणाचाच नाही, असं आपण धरून चाललोय. आमदार निधीतून शेड झाली तर फलकावर फोटो केवढा मोठा असतो! रक्कम मात्र कोपऱ्यात, किंवा नसतेच.

दोन वर्षांपूर्वी मी एक केलं. वाचनालयाच्या दाराशी आम्ही ठळक बातम्या लिहायचा काळा फळा आहे. मोबाइल आल्यापासून त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. त्यावर खडूनं लिहिलं : पहिला हप्ता जमा, अमुक तारीख, अमुक रुपये. खाली खर्च. कार्यकारिणीत नाराजी होती. एक सदस्य म्हणाले, "लोकांना कळलं सरकार पैसे देतंय, तर वर्गणी कोण देईल?" त्यांचं म्हणणं अगदी वाया गेलं नाही. दोघांनी खरंच वर्गणी बंद केली. "सरकार देतंय की!" म्हणाले. नव्वद आणि दहा टक्क्यांचं गणित मी त्यांना अजून समजावतो आहे.

पण फळ्यापुढं लोक थांबायला लागले. मला वाटलं होतं मोठ्या आकड्यांवर विचारतील. विचारलं कशावर? केरसुणीवर. 'केरसुणी व फिनेल' अशी ओळ होती, तिच्यावर एका आजींनी मला दहा मिनिटं धारेवर धरलं. त्यांच्या मते केरसुणी बाजारात निम्म्या किमतीला मिळते आणि फिनेल पाणी घालून पुरवायला हवं. शिवणकाम करणाऱ्या एकीनं विचारलं, पाच वर्तमानपत्रं घेता, बायकांचं एकही मासिक का नाही? भरतीचा अभ्यास करणारी पोरं आली आणि म्हणाली, कादंबऱ्यांवर इतके, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांवर शून्य? त्यांना मी चिडूनच उत्तर दिलं, कारण कादंबऱ्या मी निवडल्या होत्या. पुढच्या खरेदीत त्यांची पुस्तकं घेतली. लेखापरीक्षकानं मला यातला एकही प्रश्न कधी विचारला नव्हता. त्याचा दोष नाही, तो बेरीज बघतो. केरसुणीची किंमत आजींना माहीत असते.

२०१२ सालची गोष्ट जुन्या वाचकांना आठवत असेल. महसूल खात्याची माणसं लावून राज्यातल्या सगळ्या अनुदानित ग्रंथालयांची एकदम पडताळणी झाली. संख्या बारा हजारांच्या घरात. त्यात कागदावरची ग्रंथालयं सापडली, कुठं पाटी होती आणि खोली नव्हती, आणि मान्यता रद्द झाल्या. त्या दिवसांत आम्हीसुद्धा आरोपीसारखे उभे होतो. तलाठी पुस्तकं मोजत होते आणि बाहेर गर्दी. आमचं सगळं जागेवर निघालं, पण बघणाऱ्यांच्या लक्षात तलाठी आला एवढंच राहिलं.

मला तेव्हापासून एक प्रश्न पडलाय. जे ग्रंथालय अस्तित्वातच नव्हतं, त्याला इतकी वर्षं अनुदान जात होतं, तर त्या गावातल्या एकाही माणसानं तक्रार का केली नाही? सरळ आहे. आपल्या गावाच्या नावावर ग्रंथालय आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. गावच्या चावडीवर एक ओळ लागली असती, 'या गावात अमुक नावाच्या ग्रंथालयाला यंदा इतके रुपये', तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलंच असतं की आहे कुठं हे. त्यासाठी महसूल खात्याला कामाला लावायची गरज पडली नसती.

यासाठी नवा कायदा करा असं मी म्हणत नाही. माहितीच्या अधिकारात महाराष्ट्र देशाच्या पुढं होता. आपला राज्य कायदा केंद्राच्या आधीचा, २००२ चा. २००५ च्या केंद्रीय कायद्यात कलम ४(१)(ख) आहे. कुणी अर्ज केला नाही तरी प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपणहून जाहीर करायच्या १७ बाबी त्यात आहेत. त्यातली बारावी अर्थसहाय्याच्या कार्यक्रमांची : अंमलबजावणीची रीत, दिलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील. त्यासाठी मुदत होती १२० दिवसांची. वीस वर्षं होऊन गेली. पुढं त्याच कलमात म्हटलंय की माहिती स्थानिक भाषेत आणि लोकांना सहज मिळेल अशा रीतीनं द्यावी. सूचना फलक, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा ही साधनंही कायद्यानंच सांगितली आहेत. म्हणजे माझा खडूचा फळा कायद्यात बसतो, आणि एखादी इंग्रजी पीडीएफ संकेतस्थळाच्या पाचव्या पानावर टाकून मोकळं होणं बसत नाही.

"मग अर्ज करा की," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. केलाय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणं एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, तीस दिवस वाट. उत्तर आलं की माहिती विस्तृत आहे, कार्यालयात येऊन अवलोकन करावं. एका सोमवारी गेलो, कारण २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणं जिल्ह्याच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघू द्यायचे आहेत. तिथल्या बाईंना तो निर्णय मीच मोबाइलवर दाखवला. त्यांनी नीट वाचला, चहा मागवला, गठ्ठाही काढून दिला. बाई भल्या होत्या. पण माझ्या गावची एक ओळ बघायला मी एसटीनं अर्धा दिवस जायचं आणि त्यांनी हातातलं काम टाकून गठ्ठा सोडायचा, यात दोघांचाही वेळ गेला. ती ओळ आधीच बाहेर असती तर दोघंही आपापल्या कामाला लागलो असतो. कलम ४ चा हेतू नेमका हाच सांगितलाय, की लोकांवर अर्ज करायची वेळ कमीत कमी यावी.

ग्रामपंचायतीचं आज बघा. वित्त आयोगाचा निधी किती आला, कोणत्या कामावर किती खर्च पडला, हे २०२० पासून केंद्राच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतं. आमच्या गावची पोरं ते उघडून सरपंचांना गटारीच्या बिलावरून विचारतात. सरपंच वैतागतात, पण आता बिलं नीट लावायला लागलेत. राजस्थाननं २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल काढलं. अर्ज न करता पंचायतवार माहिती मिळावी म्हणून ते आहे. माझा भाचा टोरोंटोला असतो. तो सुट्टीत आला होता तेव्हा त्यानं कॅनडाच्या केंद्र सरकारची यादी दाखवली. २५ हजार डॉलरच्या वरचं प्रत्येक अनुदान, घेणाऱ्याचं नाव, गाव, रक्कम, कशासाठी, कधी दिलं. दर तिमाहीला नवी भर. तो राहतो त्या भागात कोणत्या संस्थेला काय मिळालं ते आम्ही चहा निवायच्या आत बघितलं. मला आमचं बघायचं होतं, म्हणून फोन परत दिला. २५ हजार डॉलर म्हणजे आमची दहा वर्षांची अनुदानं. आमच्याकडं मर्यादा घालायचीच तर शून्य घाला, कारण खेड्यातली रक्कम छोटी आणि संशय मोठा असतो.

एक अडचण मला मान्य आहे. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला आणि त्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं. आता नाव आलं की 'वैयक्तिक' म्हणून फाइल बंद होईल अशी भीती बरेच जण बोलून दाखवतात, आणि मला ती खरी वाटते. माणसांच्या बाबतीत मी स्वतः गोंधळलेला आहे. निराधार योजनेतल्या विधवेचं नाव चावडीवर लावावं का? ते बघून तिला लाज वाटेल का, की न लावल्यानं तिच्या जागी भलताच कुणी पगार खाईल? मला दोन्ही दिसतं. बँक खात्याचा आणि आधारचा क्रमांक तर कधीच दिसू नये. पण संस्थेला कसली लाज? नोंदणीकृत संस्था, सरकारी पैसा, सार्वजनिक वाचनालय. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये एका शिक्षण संस्थेच्या खटल्यात सांगितलंय की सरकारकडून भरीव अर्थसहाय्य घेणारी बिगरसरकारी संस्थासुद्धा माहिती अधिकाराखाली येते. नव्वद टक्के ही रक्कम भरीव नसेल तर मग भरीव कशाला म्हणायचं?

तेव्हा माझी मागणी अशी. दरवर्षी दुसरा हप्ता गेला की गावनिहाय यादी काढा. प्रत्येक ग्रंथालयाला एक ओळ : नाव, वर्ग, दोन्ही हप्त्यांच्या रकमा आणि तारखा, पगार-पुस्तकं-इतर असा तीन कप्प्यांतला खर्च. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या समान निधीतून, म्हणजे प्रतिष्ठान आणि राज्य मिळून घालतात त्या पैशातून, आलेली पुस्तकं किती, तेही लिहा. कारण गावाला वाटतं ती मी विकतो. ही ओळ ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि ग्रामसभेत वाचा. हप्त्याची तारीख तर मुद्दाम हवी, कारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेला पैसा लोकांनी एकदा डोळ्यांनी बघितला की मे महिन्यात ग्रंथपालाचा पगार का थकला होता ते मला समजावत बसावं लागणार नाही. सरकारला कदाचित हीच तारीख नको असेल.

सहकारी कार्यवाहांपैकी काही जण यावर नाराज होतील. होऊ देत. ज्यांचं दप्तर नीट आहे त्यांचं यात काही जात नाही, आणि आमच्यातले बहुतेक नीट आहेत, हे मी तालुक्याच्या बैठकांत बसून सांगतो. पदरचे पैसे घालून वाचनालय उघडं ठेवणारे लोक आहेत ते. त्यांच्यावरचा संशय फक्त आकड्यानंच फिटेल. भाषणं करून आम्ही थकलो.

आणि आपल्या दैनिकाला एक विनंती. ग्रंथालय अनुदानाची पुढची बातमी छापताना कोटींच्या आकड्याखाली वर्गवार रकमासुद्धा छापा. 'ड' वर्गाला वर्षाला किती, 'क' वर्गाला किती, चार ओळींचा चौकोन पुरेल. चौकोन छापलेला पेपर मी टपरीवर स्वतः नेऊन ठेवीन.

कळावे,
आपला,
कार्यवाह, एक 'क' वर्ग सार्वजनिक वाचनालय,
ता. पाटण, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे)

ता. क. – जागेअभावी पत्र कापावं लागलं तर पंख्याचा मजकूर कापावा, कलम ४ चा राहू द्यावा. पंखा देणाऱ्यांचे नातू आपलं दैनिक घेतात.